पेडर रोड दोनदा येतो

२०२५ च्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉन धावलो. माझी ही पहिलीच पूर्ण मॅरेथॉन. ४२.१९५ किलोमीटर चार तासांत पुरे करायचे, हे सहा महिने मनाशी घोकलं होतं. लागले ४ तास ३१ मिनिटं. शेवटचे बारा किलोमीटर मी धावलो असं म्हणणं खरं होणार नाही. थोडं पळालो, बरंच चाललो, आणि पोटऱ्यांत गोळे आले की दुभाजकाला धरून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी साताऱ्याला मामांकडे गेलो. मामा क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले. शाळेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांनी यवतेश्वरच्या घाटात पळवल्या. पाय मोकळे करायला म्हणून उजाडताना आम्ही दोघं त्याच घाटाने चालायला निघालो. तेव्हा झालेलं बोलणं इथे मांडतो आहे. सगळ्याच मुद्द्यांवर आमचं एकमत झालं नाही. जिथे झालं नाही, तेही तसंच ठेवलं आहे.

मामा : जिना उतरताना अजून कठडा धरतोस.

मी : मांड्या अजून भरलेल्या आहेत, मामा. पण मला पश्चात्ताप नाही. मी जीव तोडून धावलो.

मामा : जीव तोडून धावलास हे मान्य. कधी तोडलास, एवढंच विचारतो. दहा किलोमीटरला घड्याळ काय सांगत होतं?

मी : बावन्न मिनिटं.

मामा : चार तासांच्या हिशेबाने किती हवी होती?

मी : जवळपास सत्तावन्न. किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद असा पेस ठरवला होता, धावलो ५:१२ ने. पण मला वेग वाढवल्यासारखं वाटतच नव्हतं. अंधार होता, हवा गार होती. सीएसएमटीसमोरून हजारो माणसं एकदम निघतात तेव्हा पाय आपोआप उचलले जातात. मरीन ड्राइव्हला तर श्वास लागल्याचं जाणवतही नव्हतं.

मामा : तिथेच तर माणूस फसतो. शर्यतीआधी दोन-तीन आठवडे तू सराव कमी केलास, पोटभर भात खाल्लास, झोप काढलीस. स्नायू ताजे, भांडार भरलेलं, वरून गर्दीचा उत्साह. अशा वेळी अंगाला कुठलाच वेग जड वाटत नाही. पहिले आठ-दहा किलोमीटर पायांचं ऐकूच नये. श्वासाचं ऐकावं. शेजारच्याशी सलग दोन वाक्यं न थांबता बोलता आली, तर वेग बरोबर आहे. बोलताना शब्द तुटायला लागले की चुकला.

मी : आणि हवामानाचं काय? तुम्ही साताऱ्याच्या थंडीत राहता. मुंबईत साडेसात-आठला ऊन चढायला लागतं. गारवा आहे तोवर चार मिनिटं कमवून ठेवायची, पुढे उन्हात ती खर्च करायची, असा आमचा विचार असतो. माझ्यासोबत सराव करणारे निम्मेअधिक जण हेच करतात. यात चूक काय?

मामा : कमवलेली वेळ साठवता आली असती तर चूक काहीच नव्हती. अर्ध्या अंतराला किती झाले होते?

मी : १ तास ५२ मिनिटं. ठरल्यापेक्षा आठ मिनिटं आधी.

मामा : आणि उरलेल्या अर्ध्याला?

मी : २ तास ३९.

मामा : म्हणजे आठ मिनिटं कमवायला गेलास आणि एकोणचाळीस घालवून बसलास. सावकारसुद्धा एवढं व्याज लावत नाही. उन्हाचं म्हणशील, तर ऊन हे सावकाश निघायचं कारण आहे. धावताना खर्च होणाऱ्या शक्तीचा फार मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. ती बाहेर टाकायची तर घाम वाळला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, वाळत नाही. पहाटे जोरात धावून तू अंग आधीच तापवून ठेवलंस आणि मग उन्हात शिरलास. मात्र तुझी एक गोष्ट मानतो. मुंबईत दोन्ही अर्धे अगदी सारखे येतील असा हट्ट नको. उत्तरार्धाला तीन-चार मिनिटं जास्त लागणार हे धरूनच निघावं. तीन-चार. एकोणचाळीस नव्हेत.

मी : पण आठ मिनिटांची किंमत एवढी मोठी कशी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. वेग तर किलोमीटरला वीस-तीस सेकंदांनीच जास्त होता.

मामा : चूल आठव. आजीला पाहिलंयस ना चूल पेटवताना? काटक्या आणि ओंडका. काटक्या भुरुभुरु जळतात, लगेच आच देतात, लगेच संपतात. ओंडका तासन्‌तास जळतो, पण त्याच्याखाली काटक्यांचा थोडा जाळ राहावा लागतो. नुसता ओंडका धुमसतो. अंगातही तसंच आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ही काटकी. चरबी हा ओंडका. तुझं वजन किती?

मी : सत्तर किलो.

मामा : धावताना किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २,९५० च्या आसपास. ग्लायकोजेन मात्र ढोबळमानाने दोन हजार कॅलरींपुरतंच असतं. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या साखरेच्या जेलमधून भागवायचं. आता मेख अशी की वेग जसजसा वाढतो, तसतसं शरीर चरबी सोडून साखरेकडे वळतं. ते वीस-तीस सेकंद तुला श्वासात जाणवले नाहीत, पण चुलीत काटक्यांची मूठ मोठी पडत होती. तिसाव्या किलोमीटरला त्या संपल्या. ओंडका शिल्लक होता, जाळ नव्हता.

मी : अगदी असंच झालं. मला वाटत होतं, थकवा हळूहळू येईल. तो हळूहळू आलाच नाही. माहीमपर्यंत बरा होतो, शिवाजी पार्कला मांड्या जड झाल्या, आणि तीस किलोमीटरच्या फलकानंतर कुणीतरी बटण बंद करावं तसे पाय थांबले. डोकंसुद्धा चालेना. अजून बारा उरले की तेरा, एवढा हिशेब जमत नव्हता. वरळी ओलांडून हाजी अलीकडे येताना चार तासांची बस मला मागे टाकून गेली.

मामा : बस?

मी : पेसर असतात ना, पाठीवर वेळेचा झेंडा लावून ठरलेल्या वेगाने धावणारे. त्यांच्यामागे जो घोळका धावतो त्याला आम्ही बस म्हणतो. त्यात माझ्या ऑफिसमधली एक सहकारी होती. सुरुवातीला मी तिला हात करून पुढे गेलो होतो. तेहतिसाव्या किलोमीटरला ती शेजारून गेली. धावता धावता जेल पुढे करून म्हणाली, "हे घे, आणि थांबू नकोस."

मामा : शहाणी मुलगी. अभ्यासकांनीही पाहिलेलं आहे की मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पुरुष बायकांपेक्षा जास्त मंदावतात. त्या आपली ताकद मोजून निघतात. आपल्याकडे त्याला जुनी म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरणं. आणि उलट वागणाऱ्यालाही एक शब्द आहे.

मी : आरंभशूर. सांगायची गरज नाही. पण मामा, हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. जो सुरुवातीला धैर्य दाखवतो त्याला आपण आरंभशूर म्हणून हिणवतो, आणि जो कधी धोकाच पत्करत नाही तो शहाणा ठरतो. शिवनाथ सिंगांचं उदाहरण घ्या. १९७६ चं माँट्रियल ऑलिंपिक. अनवाणी धावण्याची सवय असलेला हा सैनिक जगातल्या नामांकित धावपटूंच्या बरोबरीने पुढच्या गटात धावत राहिला. हिशेब करून मागे राहिला असता, तर ते चित्र भारताला कधी दिसलंच नसतं.

मामा : शिवनाथ सिंगांबद्दल मला तुझ्याइतकाच आदर आहे. त्या दिवशी ते २ तास १६ मिनिटं २२ सेकंदांत अकरावे आले. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो चार दशकांहून जास्त टिकला. पण ते पुढच्या गटात होते, कारण तो वेग त्यांच्या आवाक्यातला होता. अकरावा येणारा माणूस कोसळलेला नसतो. त्याच शर्यतीत अमेरिकेच्या बिल रॉजर्सने सुरुवातीला पुढे राहून वेग लावला होता. तो चाळीसावा आला. रॉजर्स म्हणजे बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या मॅरेथॉन चार-चार वेळा जिंकलेला माणूस. एवढ्या मोठ्या धावपटूलाही त्या दिवशी सुरुवात महागात पडली.

मी : मग झाटोपेक? १९५२ चं हेलसिंकी. पाच हजार आणि दहा हजार मीटरचं सुवर्ण जिंकून हा माणूस आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावायला उतरला. जगातली सर्वोत्तम वेळ तेव्हा इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या नावावर होती. धावता धावता झाटोपेकने पीटर्सला विचारलं, वेग ठीक आहे ना? पीटर्स म्हणाला, फारच हळू आहे. झाटोपेकने ते खरं मानलं, वेग वाढवला आणि २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत ऑलिंपिक विक्रमासह जिंकला. हिशेब करत बसला असता तर?

मामा : गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. पीटर्सचं काय झालं?

मी : त्याने शर्यत सोडली.

मामा : का? तो अनुभवी होता, सर्वोत्तम वेळ त्याची होती. पण ऑलिंपिकच्या दिवशी पहिल्या किलोमीटरपासून तो सुसाट निघाला. झाटोपेकने त्याला गाठलं तेव्हा तो आतून संपत आला होता, आणि बत्तीस किलोमीटरच्या आसपास पायात गोळे येऊन बसला. झाटोपेक जिंकला तो मागून येऊन. त्याने आधी पीटर्सला पुढे जाऊ दिलं होतं. आणि याच पीटर्सची पुढची गोष्ट तुला सांगायलाच हवी. १९५४, व्हँकुव्हर, तेव्हाच्या एम्पायर गेम्स. कडक उन्हात पीटर्स दुसऱ्यापेक्षा पंधराहून जास्त मिनिटं पुढे राहून स्टेडियममध्ये शिरला. एवढी आघाडी होती, तरी वेग कमी केला नव्हता. शेवटच्या काही शे मीटरमध्ये तो पुन:पुन्हा पडला, उठला, पडला. शर्यत पुरी झालीच नाही. त्याला उचलून नेलं, आणि त्यानंतर तो कधीही स्पर्धेत उतरला नाही. जीव वाचला हे नशीब. वेगाची हौस केवळ वेळ खाते असं नाही, कधी माणूसही खाते. म्हणून मी चिडतो.

(इथे घाटात बांधकाम खात्याची पाटी आली : अति घाई संकटात नेई. मामांनी तिच्याकडे बोट केलं नाही. लहानपणापासून ती माझी पाठ आहे.)

मी : ठीक आहे. जुन्या गोष्टी सोडू. किपचोगे? २०२२ च्या बर्लिनमध्ये पहिला अर्धा त्याने ५९ मिनिटं ५१ सेकंदांत काढला. दुसऱ्याला ६१:१८ लागले. म्हणजे तोही जास्त वेगाने निघाला आणि मंदावला. तरी २:०१:०९ चा विश्वविक्रम झालाच.

मामा : झाला. आता पुढच्या वर्षीचं शिकागो बघ. केल्विन किप्टम. पहिला अर्धा ६० मिनिटं ४८ सेकंद, किपचोगेपेक्षा जवळपास एक मिनिटाने सावकाश. दुसरा ५९:४७. एकूण २:००:३५. विक्रम चौतीस सेकंदांनी पुढे गेला. हा पोरगा पुढच्याच फेब्रुवारीत अपघातात गेला, त्याचं दुःख आहेच. पण धावण्याचा मोठा धडा तो देऊन गेला. आणि किपचोगेचंही नीट बघ. जगातल्या सर्वोत्तम माणसाची चूक फक्त सव्वा-दीड मिनिटाची. दोन अर्ध्यांत एवढाच फरक पडला.

मी : माझा सत्तेचाळीस मिनिटांचा.

मामा : आता एक विचारतो. निव्वळ अर्धमॅरेथॉन धावलास तेव्हा तुझी सर्वांत चांगली वेळ किती होती?

मी : १ तास ५०.

मामा : आणि मुंबईत पहिल्या अर्ध्याला लागले १:५२.

(मी चालता चालता थांबलो. सहा महिने आकडे लिहून ठेवले होते, तरी हे दोन आकडे मी कधी शेजारीशेजारी ठेवले नव्हते.)

मी : म्हणजे मी पूर्ण ताकदीची अर्धमॅरेथॉन धावलो, आणि तिथून पुढे अजून एकवीस किलोमीटर...

मामा : तिथेच सगळं झालं. तीस किलोमीटरला पाय थांबले असं तू म्हणतोस, धावणारे त्याला भिंत लागणं म्हणतात. ती मरीन ड्राइव्हवर बांधली होतीस, तीस किलोमीटरला जाऊन आदळलास एवढंच. हौशी माणसाने अर्धमॅरेथॉनची वेळ दुप्पट करावी आणि वर दहा ते वीस मिनिटं धरावीत. तुझे चार तास होतात. ध्येय बरोबर होतं, सराव बरोबर होता. सुरुवात दुसऱ्याच कुणाचीतरी होती. शेजारी जो धावत होता त्याची.

मी : मामा, हे सगळं मान्य. तरी एक गोष्ट सोडायला मी तयार नाही. सी लिंकवर उजाडताना मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर वेगात धावत होतो. समोर वांद्र्याचे दिवे, बाजूला समुद्र, पाय हलके. तो तास मी परत देणार नाही. आणि पेडर रोडच्या चढावर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, मी अक्षरशः सरपटत होतो तेव्हा एका आजींनी संत्र्याची फोड हातात ठेवली आणि नाव छापलेला माझा बिब वाचून मला नावाने हाक मारली. तुमच्या हिशेबाने धावलो असतो, तर तो चढ मी पळत पार केला असता आणि त्या आजी मला दिसल्याच नसत्या. मोडून पडल्यावर माणसं दिसतात. मोडलेल्या अवस्थेत दहा किलोमीटर चालून शर्यत पुरी करणं, हे मला माझ्याबद्दल जे सांगून गेलं, ते चार तासांच्या आकड्याने सांगितलं नसतं.

मामा : शर्यत सोडली नाहीस याचा मला अभिमान आहे. खरा अभिमान. माझ्या विद्यार्थ्यांना मी बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचं सांगायचो. १९२० साली, अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, ४२ किलोमीटर ७५० मीटरची मॅरेथॉन होती. ऑलिंपिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. आपल्या मुलखातल्या त्या माणसाने ती २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावा आला. पुरी करणं हीच पहिली प्रतिष्ठा. पण अरे, झालेल्या चुकीतून चांगलं निघालं म्हणून चुकीला धोरण म्हणू नये. आजी संत्र्याची फोड पळणाऱ्यालाही देतात. आणि आपली मर्यादा शोधायची असेल तर दहा किलोमीटरच्या शर्यतीत शोध. तिथे फुटलास तर दोन-तीन किलोमीटरचा त्रास. मॅरेथॉनमध्ये फुटलास तर पेडर रोड.

मी : तिथे आपलं जमणार नाही. कधीतरी, निदान एकदा, पूर्ण अंतरावरच झोकून द्यावं असं मला वाटतं.

मामा : मग झोकून दे. मी कुठे नको म्हणतो? नांगराला बैल जुंपताना पाहिलंयस. सकाळच्या गारव्यात ते ताजे असतात, ओढ घेतात. शहाणा शेतकरी तेव्हा कासरा आवरून धरतो आणि दुपारच्या तासांना सैल सोडतो. तू बत्तीस किलोमीटरपर्यंत कासरा धर. शेवटच्या दहा किलोमीटरला काय झोकून द्यायचं ते दे. तेव्हा पाय खरोखर दुखत असतात, काटक्या संपत आलेल्या असतात, आणि तरी वेग धरून ठेवायचा असतो. त्याला मी धाडस म्हणेन. मरीन ड्राइव्हवर पहाटे साडेपाचला कुणीही धाडसी असतो.

घाट उतरताना मामांनी मला पुढच्या वेळचा बेत सांगितला. रांगेत आपल्या वेळेच्या बसमागेच उभं राहायचं. पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश. दर पाच किलोमीटरला किती वेळ हवी ते मनगटावर पेनाने लिहायचं, कारण उंच इमारतींमध्ये आणि उड्डाणपुलाखाली जीपीएसचं घड्याळ चुकतं, रस्त्याच्या कडेचा फलक चुकत नाही. पहिलं जेल भूक लागायच्या आधी, पाऊण तासाच्या आत. सरावातल्या लाँग रनचा शेवटचा तिसरा हिस्सा पहिल्या दोन हिश्शांपेक्षा थोडा वेगात, म्हणजे थकलेल्या पायांना वेग धरायची सवय लागते.

सी लिंकवरच्या त्या तासाबद्दल मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. तो मला हवा होता. पण एक गोष्ट मामांनी माझ्याकडून कबूल करून घेतली, आणि पुढच्या जानेवारीत रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते. मी धावलो त्या मार्गावर पेडर रोड दोनदा येतो. जाताना तो चढ आहे हे मला कळलंही नाही. येताना तोच रस्ता, तेवढाच चढ, आणि मला तो चालतसुद्धा चढवेना. रस्ता बदलला नव्हता. सकाळी मी जे उधळलं होतं, त्याचाच तो हिशेब होता. तेव्हा पहिल्यांदा पेडर रोड चढताना पाय हलके वाटले, शेजारचे पुढे जाताना दिसले, तर त्यांना जाऊ द्या. तुम्हाला तिथे परत यायचं आहे.